एप्रनच्या खिशातला संगणक: क्लिनिकल पोस्टिंगसाठी टॅब कसा निवडावा

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची बॅच वॉर्डात आली की आठवडाभरात एक प्रश्न हमखास येतो: "ताई, टॅब कोणता घेऊ?" मी आधी उलट विचारते, "तुझ्या एप्रनचा खिसा केवढा आहे?" मुलं हसतात, पण मी मनापासून विचारत असते. पहिल्या वर्षी टॅब लायब्ररीच्या टेबलावर असतो. पोस्टिंग (वॉर्डात पाळीपाळीनं शिकणं) सुरू झाली की तोच टॅब उभ्यानं, एका हातानं, दुसऱ्या हातात केसपेपर आणि गळ्यात स्टेथो असताना वापरावा लागतो. टेबलावर झकास वाटलेलं यंत्र इथं नकोसं होतं, आणि घरच्यांनी मोठ्या कौतुकानं दिलेले तीस-चाळीस हजार हॉस्टेलच्या कपाटात पडून राहतात.

मी शासकीय रुग्णालयात पोस्टिंग आणि इंटर्नशिप केली, आता मेडिसिनला रेसिडेंट, म्हणजे निवासी डॉक्टर, आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते. वॉर्डासाठी घ्यायचं यंत्र खिशात मावणारं, नेटशिवाय चालणारं आणि चटकन बाजूला ठेवता येणारं हवं. बाकी सगळं त्यानंतर. आता क्रमानं बघू.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त नोंद ठेवा

दुकानात जाण्याआधी एक छोटी वही खिशात ठेवा. वॉर्डात, ओपीडीत, कॅज्युअल्टीत काहीतरी शोधावंसं वाटलं की तिथंच एक ओळ लिहा: काय शोधलं, कुठं सापडलं, किती वेळ लागला. औषधाचा डोस, नॉर्मल व्हॅल्यू, एखादा स्कोअर (आजाराची तीव्रता किंवा धोका मोजणारे गुण), ईसीजीतली एखादी खूण, काल सरांनी सांगितलेला मुद्दा, काहीही असो.

रविवारी ती पानं वाचा. माझ्या वहीत बहुतेक नोंदी अर्ध्या मिनिटात उरकणाऱ्या होत्या, आणि त्याला फोन पुरला असता. मोठा पडदा लागला तो दोनच ठिकाणी: सीटी स्कॅनच्या चित्रांची तुलना करताना आणि संध्याकाळी केस नीट लिहून काढताना. तुमची यादी वेगळी निघेल. बालरोग विभागात पोस्टिंग असेल तर डोसच्या नोंदींनी पान भरेल, रेडिओलॉजीत चित्रांच्या. जे यंत्र घ्यायचं ते या यादीसाठी घ्यायचं. वर्गमित्रानं काय घेतलं ते बघून घेऊ नका.

दुसरी पायरी: पुठ्ठ्याचा टॅब बनवा

ही युक्ती माझी नाही. १९९६ साली पाम कंपनीचा पायलट (पुढं पामपायलट म्हणून ओळखला गेलेला) हा तळहातावरचा संगणक बाजारात आला. तो बनवणाऱ्या जेफ हॉकिन्स यांनी आधी लाकडाचा त्याच मापाचा ठोकळा तयार केला होता. तो शर्टाच्या खिशात घालून ते हिंडत, आणि बैठकीत कुणी तारीख विचारली की ठोकळा काढून त्यावर काडीनं लिहिल्यासारखं करत. पुढं अमेरिकेतल्या कितीतरी डॉक्टरांनी आणि विद्यार्थ्यांनी याच पामवर एपोक्रेट्स हे औषधांचं ॲप घालून वॉर्ड गाजवले. यंत्र खिशात सुखानं राहिलं, म्हणूनच ते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचलं.

तुम्हीही तसंच करा. मनात असलेल्या टॅबचं माप घ्या, त्या मापाचे पुठ्ठे कापून एकावर एक चिकटवा, आणि किराणा दुकानातल्या काट्यावर टॅबच्या वजनाइतके होईपर्यंत मध्ये काहीतरी जड घाला. तीन दिवस हा ठोकळा एप्रनच्या खिशात ठेवून राउंड करा. खाली वाकून पोट तपासा, बीपी घ्या, जिना चढा. खिसा एका बाजूला लोंबतो का, वाकल्यावर ठोकळा बाहेर पडतो का, मान दुखते का, हे तीन दिवसांत कळतं. मुलींनी हे नक्की करावं. कुर्त्याला बहुधा खिसा नसतो, आणि सगळा भार एप्रनवरच येतो.

मापाचा अंदाज यावा म्हणून सांगते. ए-फाइव्ह वही १४८ बाय २१० मिलिमीटरची असते आणि ती एप्रनच्या खालच्या मोठ्या खिशात साधारण बसते. आयपॅड मिनी सुमारे १३५ बाय १९५ मिलिमीटरचा आणि २९३ ग्रॅमचा आहे. सॅमसंगचा गॅलक्सी टॅब ए-९ सुमारे १२५ बाय २११ मिलिमीटर, वजन ३३२ ग्रॅम. हे दोन्ही खिशात जातात. साधा आयपॅड ४७७ ग्रॅमचा, टॅब एस-६ लाइट सुमारे ४६५ ग्रॅमचा, आणि टॅब एस-९ एफई ५२३ ग्रॅमचा. हे तिन्ही चांगले आहेत, पण पिशवीतले आहेत, खिशातले नाहीत. आणि वॉर्डात पिशवी कुठं ठेवता? ड्यूटीरूममध्ये. म्हणजे गरज पडते तेव्हा टॅब दोन वॉर्ड लांब असतो.

तिसरी पायरी: फोन पुरतो का, ते प्रामाणिकपणे ठरवा

पैशांची ओढाताण असेल तर अपराधी वाटून घेऊ नका. सहा-साडेसहा इंचांचा बरा फोन, त्यात योग्य ॲप, आणि एक खिसावही यावर अख्खी एमबीबीएस निघते. टॅब नसल्यामुळे कुणी कच्चा डॉक्टर झालेला मी पाहिलेला नाही.

फोनची खरी अडचण समोरच्याच्या नजरेत आहे. राउंडला विद्यार्थी फोनमध्ये डोकं घालून उभा असेल तर सरांना वाटतं व्हॉट्सॲप चालू आहे, आणि रुग्णाच्या नातेवाइकांनाही तसंच वाटतं. त्यावर साधा उपाय म्हणजे तोंडानं सांगणं. "सर, डोस बघून सांगतो." "मावशी, तुमच्या औषधाची माहिती बघतेय हं." एवढं वाक्य बोललं की संशय जातो. आणि राउंडच्या आधी नोटिफिकेशन बंद. रुग्ण आपल्या मुलाच्या मृत्यूबद्दल बोलत असताना तुमच्या हातातल्या फोनवर क्रिकेटचा स्कोअर वाजला, तर त्या माणसाला आपण परत तोंड दाखवू शकत नाही.

चौथी पायरी: आतलं सामान

इथं फार घोळ घालू नका. स्टोरेज किमान १२८ जीबी घ्या. लेक्चरची व्हिडिओ ॲप वापरणार असाल तर डाउनलोड केलेले व्हिडिओ ६४ जीबी बघता बघता भरतात. मेमरी कार्डाची सोय असेल तर चांगलंच. आयपॅडला ती नसते, हे आधीच धरून चाला. रॅम ४ जीबीच्या खाली नको, ६ किंवा ८ असेल तर तीन-चार वर्षं निर्धास्त. कंपनी किती वर्षं सुरक्षा अपडेट देणार, हे त्या मॉडेलच्या पानावर बघून घ्या. दुसऱ्या वर्षात घेतलेलं यंत्र इंटर्नशिप संपेपर्यंत, म्हणजे साधारण चार वर्षं टिकायला हवं.

सिमवाला टॅब की फक्त वायफायवाला? फोनचा हॉटस्पॉट हाताशी असतोच, त्यामुळे वायफायवाला पुरतो आणि पैसे वाचतात. बॅटरी मात्र सकाळी आठ ते संध्याकाळी सहा टिकली पाहिजे. वॉर्डातले सॉकेट इन्फ्यूजन पंपासाठी आणि मॉनिटरसाठी आहेत. तिथं चार्जर खुपसू नका, सिस्टर रागावतील आणि त्यांचं बरोबर असेल.

अँड्रॉइड की आयपॅड यावर हॉस्टेलमध्ये रात्ररात्र वाद होतात. मला त्यात दोनच गोष्टी कामाच्या वाटतात. तुमच्या बॅचमध्ये नोट्सची देवाणघेवाण कशावर चालते ते बघा. आणि अँकी या पाठांतराच्या ॲपची कार्डं वापरत असाल तर लक्षात ठेवा, अँड्रॉइडवरचं अँकीड्रॉइड फुकट आहे, आयपॅडवरच्या अधिकृत ॲपला पैसे मोजावे लागतात.

पडद्यावर लिहायचं पेन हवं असेल तर किमतीची बेरीज पेनासकट करा. टॅब एस-६ लाइट आणि एस-९ एफई यांच्या खोक्यात पेन येतं. आयपॅडचं पेन वेगळं विकत घ्यावं लागतं. टॅब ए-९ ला तसलं पेन चालतच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा आयपॅड मिनी भारतात ४९,९०० रुपयांपासून सुरू झाला, तो पेनाशिवाय.

खाटेशेजारी: टॅब की वही?

ही पायरी नाही, पण यासाठीच मी लिहायला बसले.

तिसऱ्या वर्षी मेडिसिनच्या पोस्टिंगला मला एक आजोबा केस म्हणून मिळाले. दोन महिने खोकला, ताप, वजन घटलेलं. मी नवाकोरा दहा इंची टॅब छातीशी धरून, हिस्टरीचा (रुग्णाला विचारून घ्यायच्या माहितीचा) साचा उघडून एकेक रकाना भरत होते. आजोबा तीन-चार उत्तरांनंतर गप्प झाले. मी मान वर केली तर म्हणाले, "तुमी लिवून घ्या आधी, मंग सांगतो." मी पटापट लिहिलं आणि पुढचा रकाना विचारला. ते पुन्हा थांबले. माझी नजर पडद्यावर असेतोवर ते बोलायचेच नाहीत. त्यांच्या दृष्टीनं मी कामात होते, आणि कामात असलेल्या माणसाला मध्येच काय सांगायचं?

शेवटी टॅब उशाशी उलटा ठेवला, स्टूल ओढून बसले आणि विचारलं, "आजोबा, याआधी कधी असं झालं होतं?" मग हळूहळू निघालं. चार वर्षांपूर्वी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, दोन महिन्यांत बरं वाटलं, ऊसतोडीला जायचं होतं, म्हणून सोडून दिल्या. सहा महिन्यांचा कोर्स दोन महिन्यांत थांबलेला. सगळ्या केसचा गाभा हाच होता, आणि माझ्या साच्यात "पूर्वेतिहास: विशेष नाही" असं मी आधीच भरून ठेवलं होतं.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. हिस्टरी घेताना हातात कागद आणि पेन, तेही चार शब्दांपुरतं. टॅब खिशात. तपासणी झाली, हात धुतले, की खाटेपासून बाजूला जाऊन पाच मिनिटांत टॅबवर नीट लिहायचं. म्हणून मी म्हणते यंत्र खिशात मावलं पाहिजे. मोठा टॅब ठेवायला जागा नसते, मग तो हातातच राहतो, आणि हातात राहिला की रुग्ण आणि तुमच्यामध्ये उभा राहतो.

टॅब रुग्णाला दाखवण्यासाठी मात्र जरूर काढा. हृदयाच्या झडपेचं चित्र, इन्सुलिन कुठं टोचायचं ते, पायाची निगा. शेजारी बसून, पडदा त्यांच्याकडे करून.

आणि नाडी मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळच घाला. पडदा नेमका पंचविसाव्या सेकंदाला झोपतो.

पाचवी पायरी: ॲप निवडा, मग एअरप्लेन मोडवर तपासा

जुन्या दगडी इमारतींच्या जाड भिंती, तळघरातला एक्स-रे विभाग, लिफ्टच्या मागची गल्ली, अशा ठिकाणी रेंज नसते. म्हणून ॲप घातलं की टॅब एअरप्लेन मोडवर टाका आणि तीन गोष्टी शोधून बघा: एक डोस, एक स्कोअर, एक मार्गदर्शक तत्त्व. मिळालं नाही तर ते ॲप वॉर्डात नसल्यातच जमा. मेडस्केप या वैद्यकीय संदर्भाच्या ॲपमध्ये औषधांची माहिती ऑफलाइन उतरवून घेता येते, ती आधी उतरवा. स्कोअर आणि सूत्रांसाठी एमडीकॅल्क आहे. राष्ट्रीय आवश्यक औषध यादी २०२२ (त्यात ३८४ औषधं आहेत) आणि राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांची अधिकृत मार्गदर्शक पुस्तिका पीडीएफ स्वरूपात एका फोल्डरमध्ये ठेवा. सरकारी रुग्णालयात काय उपलब्ध असतं, काय दिलं जातं, याचं भान त्यातून येतं.

आता काळजीची गोष्ट. यातली बरीच ॲप अमेरिकन आहेत. पॅरासिटामॉल तिथं अॅसिटामिनोफेन म्हणून असतं, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, अॅड्रिनलिन एपिनेफ्रिन, ग्लिबेनक्लामाइड ग्लायब्युराइड. कॅज्युअल्टीत घाईच्या वेळी हे आठवत बसायला नको, म्हणून दोन्ही नावांची यादी आधीच पाठ करा. शिवाय आपल्या ओपीडीत रोज लिहिली जाणारी व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांसारखी औषधं अमेरिकेत मंजूर नाहीत. ती अमेरिकन ॲपमध्ये सापडली नाहीत तर गोंधळू नका, भारतीय संदर्भ उघडा.

एककांचंही तसंच. आपल्याकडे साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येते, ब्रिटिश संदर्भात मिलिमोल प्रति लिटरमध्ये. १८ नं गुणलं की जुळतं: ७ मिलिमोल म्हणजे १२६ मिलिग्रॅम. क्रिएटिनिनचा आकडा मायक्रोमोलमध्ये असेल तर ८८.४ नं भागायचं. कॅल्क्युलेटरमध्ये आकडा टाकण्याआधी बाजूचं एकक वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आणि ॲप तुमच्या हातातली बाटली बघत नाही. दहा किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅमनं द्यायचंय, म्हणजे १५० मिलिग्रॅम. ॲप इथं थांबतं. आपल्याकडच्या सिरपच्या बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, किंवा २५० मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये १२५ असेल तर ६ मिलिलिटर द्यायचं, २५० असेल तर ३. आणि घरात थेंबांची बाटली असेल, जिच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, तर फक्त दीड मिलिलिटर. आईला "सहा मिलि द्या" एवढंच सांगितलं आणि घरी थेंबांची बाटली निघाली, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाईल. म्हणून आईला बाटली आणायला सांगा, लेबल स्वतः वाचा, मग मिलिलिटर सांगा. आणि विद्यार्थी असेपर्यंत कुठलाही डोस रेसिडेंटला दाखवल्याशिवाय रुग्णापर्यंत जाऊ देऊ नका.

सहावी पायरी: रुग्णाचं काहीही बाहेर जाणार नाही, अशी मांडणी

एकदा मी मधुमेही रुग्णाच्या पायाच्या जखमेचा फोटो काढला. परवानगी घेतली होती, चेहरा नव्हता. पण टॅबवर फोटो आपोआप नेटवरच्या खात्यात चढवायची सोय चालू होती, आणि खातं घरच्यांबरोबर सामाईक. त्या रात्री आईचा फोन आला, "हे कुणाच्या पायाचं काय गं?" रुग्णानं माझ्यावर टाकलेला विश्वास आमच्या बैठकीच्या खोलीत उघडा पडला होता. ती माझी चूक होती, आणि ती कुणाकडूनही होऊ शकते, म्हणून सांगते.

यंत्र हातात आल्यावर पहिल्या तासात हे करा. फोटोंचा आपोआप बॅकअप बंद. व्हॉट्सॲपचे फोटो गॅलरीत साठवणं बंद. सहा आकडी पासकोड, एका मिनिटात आपोआप लॉक. लॉक स्क्रीनवर संदेश दिसणं बंद. यंत्र हरवलं तर दुरून पुसून टाकायची सोय चालू. घरच्यांसाठी वेगळं खातं.

फोटो काढायचा तर आधी विभागाचा नियम आणि युनिटच्या वरिष्ठांची परवानगी, मग रुग्णाची संमती, त्याच्या भाषेत, तो "नको" म्हणू शकेल अशा सुरात. ईसीजीचा फोटो शिकण्यासाठी खरंच कामाचा असतो, थर्मल कागदावरची रेषा काही महिन्यांत फिकी पडते. पण कागदावरचं नाव आणि नोंदणी क्रमांक आधी झाका, नंतर कापू म्हणू नका. मेडिको-लीगल (पोलीस-कोर्टाशी संबंधित) केस, लैंगिक अत्याचाराची केस, लहान मुलं यांत कॅमेरा काढायचाच नाही; पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. नोट्समध्ये नावाऐवजी "५५ वर्षं, पुरुष, शेतकरी" एवढंच लिहा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला, पण रुग्णाची गुपितं जपण्याचं आपलं बंधन त्याहून कितीतरी जुनं आहे.

सातवी पायरी: स्वच्छता, पाऊस आणि दोन बंद दारं

टॅब एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जंतू नेतो. खाटेवर, रुग्णाच्या चादरीवर ठेवू नका (मी त्या दिवशी उशाशी ठेवला, तेही चुकलंच). पोस्टिंग संपल्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पुसणीनं पुसा, यंत्र बंद करून, फटींत ओल न जाऊ देता. ब्लीच नको. कातड्याचं किंवा कापडी कव्हर घेऊ नका, ते पुसता येत नाही; सिलिकॉनचं साधं कव्हर घ्या. ग्लोव्ह्ज घालून पडद्याला हात लावायचा नाही. ग्लोव्ह्ज काढा, हात धुवा, मग टॅब.

कोकणात किंवा मुंबईत शिकत असाल तर पाणीरोधक यंत्राला दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही. टॅब एस-९ एफईला आयपी ६८ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आहे. बाकीच्यांसाठी झिपची प्लास्टिक पिशवी जून ते सप्टेंबर दप्तरात ठेवा.

ऑपरेशन थिएटरमध्ये तिथला नियम पाळा. एमआरआयच्या खोलीत मात्र टॅब, फोन, पेन, स्टेथो, काहीच न्यायचं नाही. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतं. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर त्या खोलीत नेल्यामुळे एका तरुणाचा जीव गेला होता.

आठवी पायरी: दुकानात

ऑनलाइन मागवणार असाल तरी आधी दुकानात जाऊन हातात धरा. उभे राहा, एका हातात धरून अंगठ्यानं "अमॉक्सिसिलिन" टाइप करून बघा. काउंटरवरचा प्रकाश फसवतो, म्हणून बाहेर उन्हात न्यायची परवानगी मागा. ग्रामीण आरोग्य केंद्राच्या पोस्टिंगला शिबिरं अंगणात, मंडपाखाली भरतात, आणि मंद पडद्यावर तिथं काही दिसत नाही.

सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते विचारा. नंदुरबार, सिंधुदुर्ग, गडचिरोली इथंही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथं शिकणाऱ्यानं काच फुटल्यावर टॅब कुठल्या गावी पाठवावा लागेल आणि किती दिवस जातील, हे खरेदीआधी विचारावं. परीक्षेच्या तोंडावर तीन आठवडे फार मोठे असतात.

जुना टॅब सीनियरकडून घेणं मला उत्तम वाटतं. इंटर्नशिप संपताना बरेच जण विकतात. पण पैसे देण्याआधी त्याचं खातं त्यानं तुमच्यासमोर यंत्रातून काढलं पाहिजे, यंत्र पूर्ण पुसलं पाहिजे, आणि ते तुमच्या खात्यावर सुरू झालं पाहिजे. जुन्या मालकाचं खातं आत राहिलं तर ते यंत्र कुलूपबंद विटेसारखं होतं. पुसण्याचं आणखी एक कारण म्हणजे त्याच्या रुग्णांचे फोटो.

बिल पक्कं घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. सिमवालं यंत्र असेल तर आयएमईआय हा यंत्राचा ओळख क्रमांकही; फोनवर *#०६# दाबलं की तो दिसतो. फोन चोरीला गेला तर पोलिसात तक्रार देऊन संचार साथी या सरकारी संकेतस्थळाच्या सीईआयआर सोयीवर हा क्रमांक बंद करता येतो. फक्त वायफायवाल्या टॅबला आयएमईआय नसतो, म्हणून त्याचा सीरियल नंबर हाच पुरावा. तो यंत्रात नव्हे, खिसावहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि घरी आल्यावर, अजून एकही नोंद न भरलेल्या टॅबवर, दुरून पुसायची सोय एकदा वापरून बघा. वॉर्डात न्यायचा तो त्यानंतर.